एकोणीस ऑगस्टचा रिपोर्ट

हिदेआकी तोगाशी सत्त्याण्णवचा पावसाळा सरल्यावर वसईजवळच्या वालीवला आला. हर्षवर्धन सामंतांनी त्यांच्या रबराच्या कारखान्यासाठी जपानहून साच्यात रबर दाबणारे चार प्रेस मागवले होते. ते बसवायचे, इथल्या माणसांना चालवायला शिकवायचे आणि दीड वर्षाने परत जायचं, एवढंच त्याचं काम. चाळिशीचा, उंच, रुंद खांद्यांचा माणूस. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजी 'गुड' आणि 'नो गुड'पुरतं. म्हणून सामंतांनी दुभाषी ठेवली. ती चांदीपच्या जयराम भोईरांची मुलगी, रीमा.

रीमाने बी.ए. झाल्यावर मुंबईत जपानीचे वर्ग लावले होते, तेव्हा जयरामने विचारलं होतं, "आनि ही भाषा बोलनार कोनाशी?" चार वर्षं तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तोगाशी आला आणि उत्तर मिळालं.

पहिले दोन महिने त्यांच्यात मशीनशिवाय बोलणं झालं नाही. तापमान, दाब, साचा, सेकंद. रीमा वही घेऊन त्याच्या मागे फिरायची. तो कामगारांवर कधी ओरडत नसे. कुणाचं चुकलं तर स्वतः खाली वाकून पुन्हा करून दाखवायचा. दिवाळीत कारखाना बंद झाला, तेव्हा हा माणूस वसईच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार दिवस एकटा काय करणार, असं तिच्या मनात आलं आणि ती त्याला चांदीपला घरी घेऊन गेली.

जेवण झाल्यावर भागूबाईने, रीमाच्या आईने, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. त्याने डावा हात पुढे केला. भागूबाई त्याच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

"ह्यांचा हात पुरा उघडत नाय गं," ती रीमाला म्हणाली. "कधी मोडला? इचार."

रीमा अवघडली, पण तोगाशीने 'काय म्हणतात?' असं विचारल्यावर तिने सांगून टाकलं. तो हसला. मग ओट्यावर बसून त्याने जे सांगितलं ते रीमा वाक्यावाक्याने आईबापांना सांगत गेली. तिला स्वतःलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

तो नऊ वर्षं व्यावसायिक बेसबॉल खेळला होता. पिचर होता.

"पिचर म्हंजे बॉलर?" जयरामने विचारलं.

बॉलरच, पण सामना सुरू करणारा नाही. सुरुवातीचा पिचर दमला, किंवा मार खायला लागला, की त्याच्या जागी ज्याला पाठवतात तो. मैदानाच्या कडेला जाळीमागे एक जागा असते. तिथे भिंतीवर फोन असतो. फोन वाजला की उठायचं आणि हात गरम करायला चेंडू टाकायला लागायचं. तीस, चाळीस, पन्नास. मग कधी बोलावणं यायचं, कधी नाही. नाही आलं तर ते पन्नास चेंडू कुठेच लिहिले जात नाहीत. "माझ्या नावावर चारशे बारा सामने आहेत," तोगाशी म्हणाला. "जाळीमागे मी किती टाकले ते फक्त साकुमाला माहीत."

साकुमा हा त्याचा कॅचर. चेंडू झेलणारा, खुणा करून कुठला चेंडू टाकायचा ते सांगणारा. दोघं एकाच वर्षी संघात आले, पाच वर्षं एका खोलीत राहिले. तोगाशीच्या लग्नात साकुमाने भाषण केलं. साकुमाच्या मुलीचं नाव तोगाशीने सुचवलं.

अठ्ठ्याऐंशी साली संघ पहिल्यांदाच विजेतेपदाच्या जवळ आला. व्यवस्थापकाचा सगळा भरवसा तोगाशीवर. एक दिवसाआड, कधी तीन दिवस लागोपाठ फोन वाजायचा. ऑगस्टमध्ये एका दुपारी चेंडू सोडताना त्याच्या कोपरात काहीतरी सुटल्यासारखं झालं. रात्रभर बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर. दुसऱ्या दिवशी संघाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. रिपोर्टमध्ये काय आलं ते सांगायला साकुमाच खोलीवर आला. म्हणाला, "काही नाही. सूज आहे नुसती. हाताला काही झालेलं नाही."

"मग बरा झाला?" भागूबाईने विचारलं.

नाही. दुखतच राहिलं. पण डॉक्टर म्हणतात हात चांगला आहे, मग दुखतं कशाला? तोगाशीने ठरवलं की ही आपली भीती असणार. इतकी वर्षं कधी आली नव्हती, आता विजेतेपद समोर दिसायला लागल्यावर आली. तो खेळत राहिला. शेवटच्या निर्णायक सामन्यात नवव्या, शेवटच्या डावात एका धावेची आघाडी होती आणि प्रतिस्पर्ध्याचा एकच गडी बाद करायचा बाकी होता. साकुमाने खूण केली. तोगाशीने चेंडू टाकला. चेंडू हातातून निघाला तेव्हाच त्याला कळलं की त्यात जीव नाही. फलंदाजाने तो प्रेक्षकांत भिरकावला आणि बेसवर थांबलेल्या गड्यासह दोन धावा झाल्या. संघ हरला.

पुढचं वर्ष त्याने दुय्यम संघात काढलं. तिथल्या प्रशिक्षकाने त्याला समजावलं की रिपोर्ट स्वच्छ आहे, कोपर आखडतंय ते मनाने. तोगाशीला ते पटलं. वर्ष संपताना संघाने त्याला काढलं, तेव्हा त्याने सगळ्या खेळाडूंना एकत्र बोलावून माफी मागितली. 'माझ्या भित्रेपणामुळे तुमचं विजेतेपद गेलं,' असं म्हणून तो कमरेत वाकला. त्याच्या शेजारी उभा असलेला साकुमाही त्याच्याबरोबर वाकला.

"असा मित्र आहे तो," तोगाशी रीमाला म्हणाला. "त्याची काही चूक नव्हती, तरी वाकला. ही नोकरीसुद्धा त्यानेच लावून दिली."

त्याच्या वडिलांचं उत्तरेकडच्या एका बंदरात मासेमारीच्या जाळ्यांचं दुकान होतं. दुकानात मुलाचा संघाच्या गणवेशातला फोटो टांगलेला असायचा. त्या माफीनंतर त्यांनी तो काढला. हरल्याचं काही नाही, पण 'भ्यायलो' असं मुलगाच कबूल करतो म्हटल्यावर त्यांना गिऱ्हाइकांसमोर बसवेना. पुढे चार वर्षांनी ते गेले. फोटो परत लागला नाही.

भागूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भ्यायल्यानं कोपर वाकडं होत नाय. हाडवैद्याला दाखवा म्हनावं."

रीमाने ते जसंच्या तसं सांगितलं. तोगाशी पुन्हा हसला. "तुमच्या आई फार चांगल्या आहेत," एवढंच म्हणाला.

त्यानंतर रीमानेच त्याची गाठ फ्रेडरिक सरांशी घालून दिली. फ्रेडरिक सर गासच्या शाळेत पी.टी. शिकवायचे आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ चालवायचे. दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की मुली मैदानात जमायच्या. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात. त्यामुळे तोगाशीला कोपर न ताणता त्यांना शिकवता यायचं. दर रविवारी तो वालीवच्या कोणाची तरी मोटारसायकल मागून गासला जायचा आणि उन्हं चढेपर्यंत मुलींना झेल द्यायचा. कारखान्यात न दिसणारा एक तोगाशी तिथे दिसायचा. चेंडू सुटला की मुलींच्या आधी तोच हळहळायचा.

क्लेमेंटीन नावाची पंधरा वर्षांची पोरगी त्या संघाची पिचर होती. जिल्ह्याच्या सामन्यांना तीन आठवडे असताना तिने खांदा दुखतो म्हणून सांगितलं. तोगाशीने तिच्या हातातून चेंडू काढून घेतला. महिनाभर टाकायचं नाही.

"अहो, जिल्ह्याच्या मॅचेस आहेत!" फ्रेडरिक सर रीमाला म्हणाले. "मलम लावून खेळते ना ती. विचारा त्यांना, जरा बघून घ्या म्हणावं."

तोगाशीने मान हलवली. "दुखतंय म्हणते ना, मग दुखतंय," तो म्हणाला. मुली उपांत्य सामन्यात हरल्या. फ्रेडरिक सर दोन रविवार त्याच्याशी नीट बोलले नाहीत, तिसऱ्या रविवारी स्वतः चहा घेऊन आले.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत साकुमा येणार असल्याचं कळलं. खेळातून निवृत्त झाल्यावर त्याच मशीनच्या कंपनीने त्याला विक्री सल्लागार म्हणून घेतलं होतं. नाव मोठं, लोक ओळखतात, गिऱ्हाईक खूश होतं. सामंत आणखी सहा प्रेस घेणार होते. त्यासाठी तो दोन दिवस वसईला येणार होता. सामंतांनी गासच्या मैदानात छोटासा कार्यक्रम ठेवला. मुलींना नवे ग्लव्ह, पाहुण्यांचं भाषण, मग जेवण.

तो आठवडा तोगाशी वेगळाच माणूस झाला होता. त्याने रीमाला घेऊन बाजारातून पापलेट ठरवली. साकुमाला वसईची केळी आवडतील का, वाळवलेली सुकेळी नेता येतील का, असं विचारत राहिला. मैदानावरच्या रेषा त्याने स्वतः चुन्याने आखल्या. "तो झेल घेईल," रीमाला म्हणाला. "मी खालून टाकीन. मुलींना बघू दे खरा कॅचर कसा बसतो ते."

साकुमा आला. जाडजूड, हसरा, मोठ्या आवाजाचा. गाडीतून उतरताच त्याने तोगाशीला मिठी मारली. जपानी माणसं अशी मिठी मारत नाहीत, हे रीमाला ठाऊक होतं. तिला बरं वाटलं.

कार्यक्रम चारला सुरू झाला. मांडवात मुली, त्यांचे पालक, कारखान्यातले तीस-चाळीस कामगार. साकुमा माईकपाशी उभा राहिला, शेजारी रीमा. त्याने आधी वसईच्या हवेचं कौतुक केलं, सामंतांचं कौतुक केलं. रीमा मराठीत सांगत गेली. मग तो मुलींकडे वळला.

"तुमचे हे शिक्षक कोण आहेत हे तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला. "मी सांगतो. अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये यांच्या कोपराचा स्नायुबंध फाटला. डॉक्टरांचा रिपोर्ट व्यवस्थापकाच्या हातात आला, त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, तोगाशीला कळलं तर तो थांबेल, आणि तो थांबला तर आपण संपलो. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे, तूच सांग की काही नाही म्हणून. मी सांगितलं. आणि हा माणूस फाटलेल्या हाताने तेवीस सामने खेळला! मी झेलत होतो, मला हातात कळायचं. असा त्याग मी दुसरा पाहिला नाही."

साकुमाच्या डोळ्यांत पाणी होतं. तो थांबला, रीमाने मराठीत सांगावं म्हणून.

 रीमा माईककडे न वळता तोगाशीकडे पाहत राहिली. तो पहिल्या रांगेत खुर्चीवर बसला होता, हात मांडीवर. चेहरा तसाच. फक्त मघापासून तो हसत होता, ते हसू चेहऱ्यावर राहून गेलं होतं आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळत नसावं.

मागून सामंत पुढे आले. "काय झालं? काही कमीजास्त बोलले का?" ते हळूच म्हणाले. "दोन वाक्यांत आटप. त्याग वगैरे सांग."

"रीमा-सान," तोगाशी बसल्या जागेवरून म्हणाला. "सांगा. काही गाळू नका."

तिने सांगितलं. व्यवस्थापक, रिपोर्ट, साकुमाचं खोटं, तेवीस सामने, सगळं. संपताच मांडवात टाळ्या सुरू झाल्या. फाटलेल्या हाताने खेळला! कामगार उठून उभे राहिले. मुली ओरडायला लागल्या. साकुमाही टाळ्या वाजवत होता. तोगाशीला उठावं लागलं. तो उठला, लोकांकडे वळून वाकला आणि बसला. फ्रेडरिक सर तेवढे टाळ्या न वाजवता रीमाकडे बघत होते. दिवाळीत ओट्यावर ऐकलेलं तिने एकदा त्यांनाही सांगितलं होतं.

मुलींना ग्लव्ह वाटून झाले तेव्हा तोगाशी साकुमाला शाळेच्या इमारतीमागे घेऊन गेला. जाताना त्याने रीमालाही खूण केली. तिथे भाषांतराची गरज नव्हती. ऐकायला कुणीतरी हवं होतं, एवढंच.

"रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलं होतं?" त्याने विचारलं.

साकुमाचं हसू मावळलं. "तुला ठाऊक होतं ना? मला वाटलं, इतक्या वर्षांत तुला कुणीतरी..."

"काय लिहिलं होतं?"

"आतल्या बाजूचा स्नायुबंध फाटला आहे. तीन महिने चेंडूला हात लावू नये." साकुमाने ते न अडखळता म्हटलं. त्याला पाठ होतं.

"तारीख?"

"एकोणीस ऑगस्ट."

"त्या शेवटच्या चेंडूची खूण तू केलीस. तुला माहीत होतं, तसा चेंडू त्या हाताने टाकता येणार नाही."

"व्यवस्थापक तोच चेंडू मागत होते."

 पलीकडे मांडवात कुणीतरी माईक ठोकून बघत होतं.

"मी सगळ्यांसमोर माफी मागितली," तो म्हणाला. "मी भित्रा आहे म्हणालो. तू माझ्याबरोबर वाकलास."

"मला दुसरं काय करता येणार होतं?"

"तोंड उघडता आलं असतं. माझे वडील तेव्हा जिवंत होते."

"मी तुझ्यासाठी नोकरी बघितली," साकुमा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "कुणी विचारत नव्हतं तुला. मी जाऊन हातापाया पडलो त्यांच्या. नऊ वर्षं तुझं घर चाललंय ते—"

"म्हणूनच लावून दिलीस?"

 साकुमाने खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली. तोगाशीने वाट पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मग रीमाला म्हणाला, "चला." त्या संध्याकाळी पापलेटच्या जेवणाला तो गेला नाही. साकुमा दुसऱ्या दिवशी कागदपत्रं उरकून विमानतळावर गेला. जाण्याआधी त्याने वालीवला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा रीमाने उचलला आणि तोगाशीच्या सांगण्यावरून 'ते मशीनवर आहेत' असं सांगितलं. ते खरंही होतं.

पुढच्या सोमवारी तोगाशी रीमाला घेऊन वसईतल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मग कोपर दाबून, वाकवून, ताणून पाहिलं. जुनी दुखापत आहे, त्यांनी सांगितलं. बंध फाटलेला दिसतो, आणि त्यावर पुष्कळ जोर पडत राहिल्याने हाडाचा एक तुकडाही सुटून चुकीच्या जागी बसला आहे. तेव्हाच विश्रांती घेतली असती तर बहुतेक भरून आलं असतं.

"दहा वर्षं कुणाला दाखवलं नाही?" डॉक्टर वैतागून म्हणाले. "शिकलेली माणसं तुम्ही. विचारा त्यांना, का नाही दाखवलं?"

रीमाने विचारलं. तोगाशी शर्टाची बाही खाली करत होता, बटण लावायला त्याला वेळ लागला. "सांगा, दाखवलं होतं," तो म्हणाला.

त्याने उरलेले दोन महिने काम केलं. चौथ्या प्रेसची माणसं तयार केली, वह्या लिहून दिल्या, गासला रविवारी जात राहिला. साकुमाबद्दल एक अक्षर बोलला नाही. सामंतांनी एकदा बोलून बघितलं. "जुन्या गोष्टी आहेत, त्यांनी चांगल्या भावनेनंच सांगितलं, सोडून द्यावं." रीमाने भाषांतर केलं. तोगाशीने ऐकून मान लववली आणि प्रेसचं तेल तपासायला गेला. मार्चअखेर त्याने कंपनीचा राजीनामा वालीवहूनच पाठवला. निरोपाला भागूबाईने चांदीपहून तांदळाची पिशवी पाठवली, ती त्याने डाव्या हाताने उचलली.

त्याचं पत्र सव्वा वर्षाने आलं. तोवर रीमाने अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी धरली होती. पत्र चांदीपच्या पत्त्यावर होतं, जयरामने ते शर्टाच्या खिशात घालून तिच्यासाठी जपून ठेवलं होतं. तोगाशी वडिलांच्या गावी परतला होता आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम करत होता. व्यवस्थापक वारले होते, त्यामुळे त्यांना विचारायचं राहिलं. वडिलांच्या थडग्यापाशी जाऊन त्याने डॉक्टरांचा वसईचा कागद वाचून दाखवला. वाचून काही वाटलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. कागद इंग्रजीत होता आणि त्याला तो नीट वाचताही आला नव्हता.

साकुमा तीनदा येऊन गेला होता. दार उघडलं नाही.

'माझं हाताबद्दल काही म्हणणं नाही,' त्याने पुढे लिहिलं होतं. 'पिचरचे हात जातातच. पण रीमा-सान, आता मला मागचं काही आठवलं की थांबावं लागतं. माझ्या लग्नात तो रडला होता. मला ताप होता तेव्हा तीन दिवस त्याने खोलीत भात करून वाढला. एकदा जाळीमागे पन्नास चेंडू टाकून मला कुणी बोलावलं नाही, तेव्हा तो म्हणाला होता, मी मोजलेत. हे सगळं ऑगस्टच्या आधीचं आहे. तेव्हा तो खरा होता असं मी स्वतःला सांगतो. मग वाटतं, ज्याला इतकं चांगलं खोटं बोलता आलं तो त्याआधीही बोलला असेल. एकेक दिवस घेऊन बघत बसतो. कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे मला ठरवता येत नाही. विचारायचं तर त्यालाच विचारावं लागेल, आणि त्याने काहीही सांगितलं तरी मी ते मानणार नाही.'

रीमाने उत्तर लिहायला घेतलं आणि दोन कागद फाडले. जपानीत सांत्वनाची ठरलेली वाक्यं तिला पाठ होती, ती लिहवेनात. आईला पत्र मराठीत सांगून विचारलं तर भागूबाई म्हणाली, "ये म्हनावं इकडं. भात मी वाढते."

शेवटी तिने तेच लिहिलं. त्याखाली, क्लेमेंटीनचा खांदा आता बरा आहे आणि ती राज्याच्या संघात निवडली गेली आहे, हेही लिहिलं. पत्र पोहोचलं की नाही ते कळलं नाही. नवीन वर्षाला तोगाशीचं भेटकार्ड आलं, त्यावर छापील शुभेच्छांखाली त्याची सही होती, आणखी काही नव्हतं. पुढच्या वर्षी तेही आलं नाही.